प्रत कोणी राखायची?

'जतन' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. एखाद्या बंद पडलेल्या नियतकालिकाचे अंक स्कॅन केले, त्या फायली एका संकेतस्थळावर चढवल्या, दोन भाषणे झाली, की ते नियतकालिक जतन झाले असे आपण समजतो. मूळ अंक माळ्यावर जातात आणि कालांतराने तिथून रद्दीत. चारपाच वर्षांनी संकेतस्थळाच्या नावाचे वार्षिक शुल्क भरायचे राहून जाते, कारण ज्याच्याकडे ते काम होते तो कर्मचारी निवृत्त झालेला असतो; आणि प्रबंधाच्या संदर्भसूचीत नोंदलेला दुवा उघडावा, तर तिथे भलत्याच कसल्यातरी मालाची जाहिरात दिसते. मराठीत संशोधन करणाऱ्या कोणालाही हे नवे नाही. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' ह्या प्रकल्पाने ह्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत लाखो पुस्तके स्कॅन केली. त्यांत मराठी पुस्तकेही पुष्कळ होती. पुढे त्या प्रकल्पाचे मूळ संकेतस्थळ बंद पडले. आज ती पुस्तके वाचायला मिळतात ती अमेरिकेतल्या 'इंटरनेट आर्काइव्ह'वर वेळीच त्यांच्या नकला ठेवल्या गेल्या म्हणून. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे ते आर्काइव्हही काही दिवस बंद होते. मराठी पुस्तकांचा एवढा मोठा साठा सात समुद्रांपलीकडच्या एका संस्थेच्या कुशलतेवर अवलंबून आहे, ही गोष्ट आपल्या विद्यापीठीय वर्तुळांत फारशी चर्चिली गेलेली नाही.

ह्या लेखात आम्हाला एका यंत्रव्यवस्थेविषयी लिहायचे आहे. साहित्याच्या पानांवर हा विषय आगंतुक वाटेल, ह्याची जाणीव आहे. परंतु प्रती कोणी ठेवायच्या, किती ठेवायच्या, त्या एकमेकींशी ताडून कोणी पाहायच्या, हे प्रश्न संगणकाच्या आधीचे आहेत आणि ते आपले आहेत. नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) बसून त्यांचा विचार करताना तर दूर जावे लागत नाही.

लीळाचरित्राचे कर्ते म्हाइंभट हे ह्याच जिल्ह्यातल्या सराळ्याचे. चक्रधरांनी महाराष्ट्र सोडल्यानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी जमवायला घेतल्या. नागदेवाचार्यांकडून ऐकलेले तेवढे लिहून ते थांबले नाहीत. ज्याच्या देखत जो प्रसंग घडला त्याच्याकडे जाऊन विचारले, आणि मग एकेक लीळा नोंदली. शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ.स. १२७८ च्या आगेमागे, हा ग्रंथ सिद्ध झाला असे सामान्यतः मानतात. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. तेव्हा ग्रंथ परत उभा राहिला तो पंथातल्या निरनिराळ्या मंडळींच्या पाठांतरातून. हिराइसेला तो मुखोद्गत होता. इतरांनाही कमीअधिक येत होता. प्रत्येकाच्या स्मरणातून एकेक पाठ तयार झाला आणि हे पाठ परस्परांशी तंतोतंत जुळत नव्हते. विसाव्या शतकात ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते ह्यांना लीळाचरित्राच्या संपादनात जो अपार खटाटोप करावा लागला, त्याचे मूळ ह्या विस्कळीत पण चिवट जतनपद्धतीत आहे. एक पोथी गेली, तरी ग्रंथ गेला नाही, आणि परत आला तेव्हा एकरूप आला नाही. ह्या दोन्ही गोष्टी पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवाव्यात.

आता यंत्राकडे वळू.

नेहमीच्या संकेतस्थळाचा पत्ता हा जागेचा पत्ता असतो: अमुक संगणकावरच्या तमुक कप्प्यातली फाईल. कप्पा रिकामा झाला की पत्ता निरर्थक. 'आयपीएफएस' ह्या नावाने ओळखली जाणारी व्यवस्था ह्याच्या उलट बाजूने निघते. हुआन बेनेट ह्यांनी २०१४ मध्ये तिचा आराखडा मांडला आणि पुढच्या वर्षी ती वापरात आली. तिच्यात पत्ता जागेला दिलेला नसून मजकुराला दिलेला असतो. फाईलचे लहान लहान तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यावर एक गणिती प्रक्रिया करून त्याची ओळखखूण काढतात (हिला हॅश म्हणतात), आणि त्या खुणा एकत्र गुंफून अख्ख्या फाईलची एक खूण बनते. जुन्या धर्तीची खूण ४६ अक्षरांची असते, नव्या धर्तीची बहुधा ५९ अक्षरांची. पाठ करण्यासारखी ती नव्हेच. परंतु फाईलमधला एक काना जरी बदलला तरी खूण पूर्णपणे बदलते, आणि मजकूर तोच असेल तर तो नगरहून आला काय किंवा नॉर्वेहून आला काय, वाचणाऱ्याला खूण ताडून खात्री करता येते. जाळ्यात सहभागी झालेला प्रत्येक संगणक हा नोड, म्हणजे जाळ्यातली एक गाठ. कोणी मालक नाही, कोणी आश्रित नाही. ज्याच्याकडे प्रत आहे तो ती मागणाऱ्याला देतो. २०१७ मध्ये तुर्कस्तानात विकिपीडियावर बंदी आली तेव्हा तुर्की विकिपीडियाची एक प्रत ह्याच जाळ्यावर ठेवण्यात आली होती.

हे वाचून कोणाचाही असा समज व्हावा, की फाईल एकदा जाळ्यात सोडली की ती जगभर पसरते आणि अमर होते. हा समज अगदी चुकीचा असून त्याचा प्रसार ह्या व्यवस्थेच्या उत्साही पुरस्कर्त्यांनीच पुष्कळ केला आहे. आपण फाईल आपल्या नोडवर घातली, तर ती फक्त आपल्या नोडवर असते. दुसऱ्या कोणी ती मागून वाचली, तर त्याच्याकडे तात्पुरती उतरते आणि जागा कमी पडली की त्याच्याकडचा केरवारा काढताना निघून जाते. राहते ती ज्याने मुद्दाम टाचून ठेवली त्याच्याकडेच. ह्या क्रियेला त्या मंडळींच्या भाषेत 'पिन करणे' म्हणतात, आणि शब्द चपखल आहे. मराठीतल्या एखाद्या अनियतकालिकाचा १९६० च्या दशकातला अंक ब्राझीलमधला कोणी परोपकारी माणूस टाचून ठेवील, ही आशा व्यर्थ होय. तो टाचायचा तर ज्याला त्या अंकाचे मोल कळते त्यानेच. एकाच ठिकाणी टाचलेली फाईल म्हणजे जुन्याच संकेतस्थळाचा अधिक अवघड पत्ता.

म्हणून आमचे म्हणणे असे, की जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी, वाचनालयांनी आणि घरी संग्रह असणाऱ्या व्यक्तींनी असे नोड चालवावेत, परस्परांच्या फायली टाचून ठेवाव्यात, आणि हे काम संगणक विभागाकडे सोपवून मोकळे होऊ नये. गेले काही महिने आम्ही काही शिक्षक मंडळी नगर, नेवासे आणि संगमनेर अशा तीन जागी हे करीत आहोत. जुने, कार्यालयांनी बाद केलेले संगणक, प्रत्येकी आठ जीबी स्मृती, एकेक टेराबाइटची तबकडी. ह्याहून अधिक काही लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि तीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अगत्याचे आहे, कारण ह्या यंत्राच्या प्रत्येक खोडीमागे जतनाविषयीचा एखादा जुनाच धडा लपलेला आहे.

नोडचा कार्यक्रम (त्याचे २०२२ पासूनचे नाव 'कुबो') आम्ही डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवतो. कंटेनर म्हणजे प्रवासाचा भरलेला डबा समजा. कार्यक्रमाला जे जे लागते ते सगळे त्यातच बांधून दिलेले असते. संगणक कोणताही असो, डबा उघडला की तेच जेवण. तिन्ही ठिकाणच्या संगणकांवर तीन निरनिराळ्या काळातल्या लिनक्स प्रणाली असल्यामुळे ही सोय मोठीच. परंतु डबा हा टाकाऊ असतो, हे त्याचे मर्म आहे. नवी आवृत्ती आली की जुना डबा फेकायचा आणि नवा उघडायचा. आपल्या फायली डब्याच्या आत राहिल्या असतील, तर त्याही त्याच्याबरोबर जातात. म्हणून डब्याच्या आतला साठवणीचा कप्पा बाहेरच्या तबकडीवरच्या एखाद्या फोल्डरशी बांधून द्यावा लागतो. नवख्यांचा घात बहुतेक वेळा इथेच होतो. सारे काही महिनाभर सुरळीत चालते, आणि पहिल्याच नूतनीकरणाला नोड कोऱ्या पाटीने उठतो. संस्था आणि संस्थेचे दफ्तर ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, हे ज्यांनी मंडळे बुडताना पाहिली आहेत त्यांना निराळे सांगायला नको.

कप्पा बाहेर बांधला तरी दुसरी अडचण उभी राहते. डब्यातला कार्यक्रम आतल्या एका साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, आणि बाहेरचा फोल्डर बहुधा संगणकाच्या मुख्य चालकाच्या मालकीचा असतो. कार्यक्रम लिहायला जातो, परवानगी मिळत नाही, आणि नोड उठता उठता बसतो. अशा वेळी नोंदवही वाचावी. डॉकर प्रत्येक कंटेनरची नोंदवही ठेवतो आणि तिच्यात कारण बहुधा स्वच्छ लिहिलेले असते. आम्हाला असे दिसून आले, की मराठीचे विद्यार्थी ही नोंदवही संगणकाच्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक नीट वाचतात. घाईने उपाय शोधायला धावण्याऐवजी ओळ काय म्हणते आहे ते आधी पाहतात. संहितेचे सूक्ष्म वाचन शिकवल्याचा असाही उपयोग. फोल्डरची मालकी योग्य त्या क्रमांकाच्या वापरकर्त्याला दिली की प्रश्न सुटतो.

दारांचे, म्हणजे पोर्टांचे, प्रकरण थोडे गंभीर आहे. नोडला तीन दारे असतात. ४००१ क्रमांकाच्या दारातून इतर नोडांशी देवघेव चालते. ते उघडेच हवे. ८०८० मधून ब्राउझरला फाईल वाचता येते. आणि ५००१ मधून नोडला आज्ञा देता येतात: हे ठेव, ते टाक, अमुक पुसून काढ. हे तिसरे दार घरच्यांपुरतेच ठेवायचे असते. परंतु डॉकर दारे उघडताना लिनक्सच्या नेहमीच्या फायरवॉलला वळसा घालून जातो, त्यामुळे फायरवॉलमध्ये बंद दिसणारे दार प्रत्यक्षात जगाला सताड उघडे असू शकते. दार उघडतानाच ते फक्त स्वतःच्या संगणकापुरते बांधले, म्हणजे हा धोका राहत नाही. संग्रहालयाच्या किल्ल्यांविषयी जी काटेकोर वृत्ती असते तीच इथे हवी.

ह्यानंतर जी अडचण येते ती मात्र आपल्या हातातली नव्हे. नोड चालू असतो, त्याला शेकडो सोबती दिसत असतात, तो इतरांकडून हवे ते मागवूही शकतो. पण नेवाशाच्या नोडवर ठेवलेली फाईल संगमनेरहून मागावी, तर मिनिटामागून मिनिटे जातात आणि काहीही येत नाही. कारण असे, की इंटरनेट पुरवणाऱ्या बऱ्याच कंपन्या आता शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. आतून बाहेर जाता येते, बाहेरून आत यायला वाट नसते. मोठ्या वाड्यात पोटभाडेकरूला पत्र यावे आणि पाकिटावर केवळ वाड्याचे नाव असावे, तसा हा प्रकार. राऊटरमध्ये ४००१ चे दार उघडून दिले तरी उपयोग होत नाही, कारण खरा दरवाजा कंपनीच्या ताब्यात असतो. आमच्यापैकी एका ठिकाणी पुरवठादाराकडे स्वतंत्र पत्ता मागितला, तर व्यापारी जोडणी घ्या असे उत्तर मिळाले, आणि तिचा मासिक आकडा ऐकून विषय तिथेच मिटला. उपाय दोन आहेत. नव्या प्रकारचा पत्ता (आयपीव्ही-६) मिळत असेल, तर त्यावरून थेट पोचता येते. नसेल, तर मधला एखादा उघडा नोड दूताचे काम करतो आणि दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी हाक मारायला लावून वाट काढून देतो. हे दरवेळी साधतेच असे नाही. म्हणून तिघांपैकी निदान एक नोड तरी बाहेरून थेट पोचण्याजोगा असावा, आणि बाकीच्यांनी त्याला कायमचा सोबती म्हणून नोंदवून ठेवावे.

आणखी एक गंमत. नोड आपल्याकडे काय आहे ते जाळ्यातल्या समाईक सूचीत जाहीर करतो, परंतु ती नोंद ४८ तासांत विरून जाते. म्हणून तो साधारण २२ तासांनी ती पुन्हा करतो. संगणक दोनतीन दिवस बंद राहिला, की फाईल तबकडीवर शाबूत असूनही जाळ्याच्या दृष्टीने ती नसल्यातच जमा होते. उन्हाळी सुट्टीत महाविद्यालयाचे मुख्य बटण बंद करून शिपाई गावी गेला, म्हणजे मे महिन्यात तो ग्रंथ नाही. कपाटात पोथी आहे पण कोणाला ठाऊक नाही, ह्या आपल्या परिचित अवस्थेचे इतके नेमके यांत्रिक रूप आम्ही दुसरे पाहिले नव्हते. 'आमच्याकडे आहे' असे कोणीतरी रोज उठून म्हणत राहावे लागते.

वीज जाणे हा आपल्याकडचा नित्याचा भाग. कंटेनरला आपोआप पुन्हा उठण्याची सूचना देऊन ठेवली, की वीज आल्यावर तो उठतो; परंतु लिहिता लिहिता वीज गेली असेल, तर एखादा तुकडा अर्धवट राहण्याचा संभव असतो. त्यासाठी सबंध साठ्याची तपासणी करणारी आज्ञा आहे. ती प्रत्येक तुकड्याची खूण नव्याने काढून जुन्या खुणेशी ताडते, आणि बिघडलेला तुकडा दाखवून देते. तो दुसऱ्या नोडवरून मागवता येतो. स्वस्त राऊटर शेकडो जोडण्यांच्या ओझ्याने गुदमरतो, तेव्हा जोडण्यांची मर्यादा खाली आणावी लागते. असो. ह्या प्रकारच्या बारीकसारीक गोष्टी पुष्कळ आहेत. त्यांतली एकही अशी नाही, की जी पाठभेदांच्या तळटीपा लावू शकणाऱ्या माणसाला जमू नये.

खरा प्रश्न निराळाच आहे. ही व्यवस्था जे वचन देते ते मजकूर अक्षरशः तोच असल्याचे. साहित्याच्या अभ्यासकाला ह्याचे अप्रूप वाटावे, कारण आपल्या परंपरेला हे वचन कधी देता आले नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये ह्याच जिल्ह्यात नेवाशाला सांगितली गेली. पुढच्या तीन शतकांत तिच्यात इतकी भर पडली आणि इतके पाठ बदलले, की एकनाथांना शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) ती शुद्ध करून घ्यावी लागली, आणि ह्यात कोणी आपली ओवी मिसळू नये, असे त्यांनी बजावून ठेवले. बजावण्याखेरीज त्यांच्या हाती काही नव्हते. १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक निराळी प्रत छापली आणि वाद नव्याने सुरू झाला. एकनाथांच्या शुद्ध प्रतीला पैठणलाच एखादी खूण चिकटवता आली असती, तर पुढे कोणाची प्रत त्यांच्याशी जुळते आणि कोणाची नाही, ते क्षणात कळले असते.

मात्र एवढेच कळले असते. कोणता पाठ बरा, जुना कोणता, लेखनिकाची चूक कोणती आणि संपादकाची हौस कोणती, ह्याविषयी खूण मौन बाळगते. तिच्या लेखी हस्तदोषाने झालेला फरक आणि जाणीवपूर्वक केलेली दुरुस्ती सारखीच. इतकेच काय, तीच फाईल निराळ्या मापाच्या तुकड्यांत कापली तर तिची खूणही निराळी येते! त्यामुळे तीन ठिकाणी तीच फाईल स्वतंत्रपणे चढवू नये. एका ठिकाणी चढवावी आणि इतरांनी त्या खुणेवरून ती मागवून टाचावी. एका पुस्तकाचे दोन संग्राहकांनी केलेले दोन स्कॅन, एकात सतरावे पान नाही, दुसऱ्यात आहे, पण मुखपृष्ठ फाटलेले. यंत्राला ही दोन सर्वस्वी परकी पुस्तके. त्यांचे नाते कोणीतरी सूचीत लिहावे लागते. हा जो 'कोणीतरी' आहे त्याला आजवर पाठचिकित्सक म्हणत आलो आहोत, आणि तो संगणक विभागात सापडत नाही. लीळाचरित्राच्या बाबतीत स्मरणाने ग्रंथ वाचवला आणि पाठभेद दिले. इथे यंत्र पाठभेद होऊ देत नाही, आणि त्याबरोबर तारतम्यही देत नाही.

ह्याहून बिकट बाब लिपीची आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथ्या मठांतून शाबूत होत्या, अक्षर न् अक्षर जागच्या जागी होते, परंतु पंथाबाहेरच्या वाचकाला कित्येक शतके त्यांतले काही कळत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी संकेताची उकल केली, तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पहिली प्रकरणे नव्याने लिहावी लागली. आता १९९० ते २००५ ह्या काळातल्या आपल्या प्रकाशनांचा विचार करा. युनिकोड रुळण्यापूर्वी आपली पुस्तके, दिवाळी अंक, आरंभीची संकेतस्थळे निरनिराळ्या कंपन्यांच्या खासगी फाँटांत जुळवली गेली. त्या फायलींत देवनागरी अक्षरे नाहीतच; रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठीचे मुखवटे चढवलेले आहेत. फाँट हरवला, की 'सराळे' ह्या शब्दाच्या जागी चारदोन इंग्रजी अक्षरे आणि एक उद्गारचिन्ह उरते. असल्या फायली नोड अत्यंत निष्ठेने सांभाळील, रोज खूण ताडून पाहील आणि सारे ठाकठीक असल्याचा निर्वाळा देईल. ही आमच्या काळातली सकळ लिपी. फरक इतकाच, की महानुभावांनी ती जाणून घडवली होती आणि तिची किल्ली पंथात होती. आपली किल्ली बंद पडलेल्या छापखान्यांच्या जुन्या संगणकांत आहे, आणि ते भंगारात चालले आहेत. म्हणून फाईल नोडवर चढवताना तिच्यासोबत फाँट, आणि युनिकोडमध्ये रूपांतरित केलेली, मुद्रितशोधन केलेली एक प्रत ठेवण्याचा नियम आम्ही केला आहे. हे काम कंटाळवाणे आहे. एका दिवाळी अंकाला तीनचार आठवडे जातात, आणि त्यातला बहुतेक वेळ जोडाक्षरांवर आणि रफारावर जातो.

हे सारे कशाला, तीन बाह्य तबकड्या घ्या, तिघांच्या कपाटांत ठेवा, झाले, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप हास्यास्पद नाही. तशा तबकड्या आम्हीही ठेवतो. परंतु कपाटातली तबकडी कोणी तपासत नाही. ती मेल्याचे तिची गरज पडेल त्या दिवशी कळते. शिवाय तिच्यातल्या ग्रंथाला सर्वांनी उद्धृत करावा असा पत्ता नसतो. जागा एकच असणे किती धोक्याचे, हे २००४ च्या जानेवारीत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर झालेल्या हल्ल्याने आणि २०१९ च्या महापुरात सांगलीच्या वाचनालयात भिजलेल्या हजारो पुस्तकांनी पुरेसे दाखवले आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो आम्हाला मान्य आहे. जाळ्यात दिलेली गोष्ट परत घेता येत नाही. आपण आपल्याकडची प्रत पुसली, तरी अन्य कोणी टाचून ठेवली असेल तर ती राहते. म्हणून काय चढवावे ह्याचा निर्णय चढवण्यापूर्वी व्हायला हवा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले, लक्ष्मीबाई १९३६ मध्ये. नगरशी निगडित असलेल्या ह्या दांपत्याच्या हयातीतल्या लेखनाला आता अडचण नाही. १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'च्या आरंभीच्या अंकांनाही नाही. परंतु १९७० च्या दशकातल्या लघुनियतकालिकाच्या एका अंकात वीस लेखक असतात; संपादकाने 'खुशाल ठेवा' म्हटल्याने त्या विसांची संमती मिळत नाही. कोणाची खासगी पत्रे, कोणाचे तारुण्यातले आणि नंतर त्याने स्वतःच नाकारलेले लेखन, हेही आहेच. महानुभावांनी संकेताच्या आड ग्रंथ ठेवले तेव्हा कोणी वाचावे हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवला होता; तो अधिकार आपल्याला आवडो वा न आवडो, अशा प्रकारच्या संकोचाला जतनाच्या नैतिकतेत जागा आहे. ज्या साहित्याविषयी संमती नाही, त्यासाठी फक्त आपसातल्या नोडांपुरते खासगी जाळे करता येते. त्याला एक सामायिक किल्ली लागते, आणि ती ज्याच्याकडे आहे तोच आत येतो. आम्ही असे दुसरे जाळे उभारले आहे, आणि आजघडीला त्यात सार्वजनिक जाळ्यापेक्षा अधिक अंक आहेत.

पाठचिकित्सा हा विषय पदव्युत्तर वर्गाला शिकवताना आपण लीळाचरित्राच्या पाठांची नावे घोकून घेतो आणि पुढे जातो. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याकडे एकेक अंक सोपवावा: त्याने तो स्कॅन करावा, जुन्या फाँटातून सोडवावा, दुसऱ्या प्रतीशी ताडावा, सूचीत नोंद करावी आणि नोडवर चढवून बाकीच्या दोन नोडांवर टाचला गेला ना, हे पाहावे. एका सत्रात वीस विद्यार्थी वीस अंक उभे करतील. नोडची देखभाल दरवर्षी नव्या तुकडीकडे जाईल, त्यामुळे एका माणसाच्या बदलीने ती खंडित होणार नाही. विभागप्रमुखांपैकी काहींना हे शिक्षणबाह्य वाटते. एका प्राध्यापकांनी तर 'आम्ही काय सायबर कॅफे चालवायचा?' असे विचारले. त्यांना आम्ही म्हाइंभटांच्या पायपिटीची आठवण करून दिली. त्यांचे समाधान झाले असे वाटले नाही.

खुणांची यादी आम्ही दर तीन महिन्यांनी कागदावर छापून घेतो, प्रत्येक खुणेपुढे ग्रंथाचे नाव, अंक, पाने, कोणत्या प्रतीवरून स्कॅन केले आणि त्या प्रतीत काय उणे आहे, ह्याची नोंद करतो, आणि तिन्ही ठिकाणी एकेक संच बांधून ठेवतो. पुढच्या यादीसाठी नेवाशाच्या नोडवर सहा अंक रूपांतराच्या प्रतीक्षेत आहेत; त्यांतल्या दोघांचा फाँट अजून मिळालेला नाही.